सोळा-नऊ एकच, मापे तीन: कंपनीच्या टेम्प्लेटसाठी पॉवरपॉइंटची ‘स्लाइड साइझ’ किती कामाची?

मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात मीटिंग रूमच्या छताला जुना प्रोजेक्टर, अलकापुरीच्या ऑफिसात भिंतीवर पंचावन्न इंची टीव्ही, आणि पुण्या-मुंबईचा ग्राहक टीम्सवर. बडोद्यातल्या मध्यम कंपनीची एकच पीपीटी एका दिवसात या तिन्ही ठिकाणी फिरते आणि तिन्हीकडे निराळी दिसते. एकीकडे लोगो चपटा, दुसरीकडे दोन्ही बाजूंना काळे पट्टे, तिसरीकडे अक्षर एवढेसे. खापर फुटते टेम्प्लेट करणाऱ्यावर. बऱ्याचदा चूक त्याचीच असते, पण ती करायला सॉफ्टवेअरने त्याला भरपूर मदत केलेली असते.

ही पारख पॉवरपॉइंटमधल्या ‘स्लाइड साइझ’ या एका सोयीची, आणि तिच्या जिवावर कंपनीभर टेम्प्लेट वाटण्याच्या पद्धतीची. विंडोजवरची मायक्रोसॉफ्ट ३६५ आवृत्ती धरली आहे. गूगल स्लाइड्स आणि लिब्रेऑफिस इम्प्रेस तुलनेपुरते. गुण आधीच देऊन टाकतो: टेम्प्लेट वाटपाला पाचपैकी चार, तयार फाइलचे माप बदलण्याला अडीच. त्यातला अर्धा २०१० च्या आवृत्तीची आठवण ठेवून दिलेला आहे. तेव्हा माप बदलले की स्लाइडवरच्या सगळ्या वर्तुळांची अंडी व्हायची.

गुणोत्तर सारखे, माप वेगळे

डिझाइन टॅबच्या उजव्या टोकाला स्लाइड साइझचे बटण आहे. त्यात स्टँडर्ड ४:३, वाइडस्क्रीन १६:९ आणि खाली कस्टम स्लाइड साइझ. २०१३ च्या आवृत्तीपासून नवी फाइल वाइडस्क्रीनमध्ये उघडते: ३३.८६७ सेंमी रुंद, १९.०५ सेंमी उंच. इंचांत १३.३३३ बाय ७.५. त्याआधीचे ४:३ होते २५.४ बाय १९.०५. म्हणजे उंची तशीच ठेवून रुंदी वाढवली, आणि ते शहाणपणाचेच झाले. जुन्या स्लाइडवरचे १८ पॉइंटचे अक्षर नव्या स्लाइडवरही उंचीच्या हिशेबात तेवढेच राहिले.

पण कस्टम उघडून यादी खाली सरकवा. तिथे ‘ऑन-स्क्रीन शो १६:९’ नावाचे आणखी एक माप बसलेले आहे: २५.४ बाय १४.२८८ सेंमी. हे २०१० च्या जमान्यातले, रुंदी कायम ठेवून उंची छाटलेले. गुणोत्तर तेच, पडद्यावर भरतेही तसेच, म्हणून कोणाला संशय येत नाही. गोंधळ सुरू होतो तो कॉपी-पेस्ट करताना. छोट्या मापाच्या स्लाइडवर काठापासून काठापर्यंत पसरलेली निळी पट्टी उचलून मोठ्या मापाच्या स्लाइडवर टाकली की ती तीन चतुर्थांश रुंदीतच संपते. अक्षरांचेही तसेच. तिकडे १८ पॉइंटमध्ये जेवढे ठसठशीत दिसायचे, तेवढे दिसायला इकडे २४ लागतात. मग मार्केटिंगमधल्या बेन म्हणतात, “टेम्प्लेटमध्ये फॉन्ट बारीक येतो.” टेम्प्लेट बिचारा बरोबर असतो, मजकूर दुसऱ्या मापाच्या फाइलमधून आलेला असतो.

हे छोटे माप आता जुन्या फाइलींतच सापडते असे नाही. गूगल स्लाइड्सची नवी फाइल आजही २५.४ बाय १४.२९ सेंमीची असते आणि तिथून पॉवरपॉइंट स्वरूपात डाउनलोड केली की त्याच मापात उतरते. इम्प्रेसचे १६:९ तिसरेच: २८ बाय १५.७५ सेंमी. म्हणजे सप्लायरने इम्प्रेसमध्ये केलेली, एजन्सीने गूगलमध्ये केलेली आणि तुमच्या टेम्प्लेटवरची अशा तीन सोळा-नऊ फाइली जोडून कंपनीचा परिचय तयार करायचा म्हटला तर प्रत्येक खोक्याला हात लावावा लागतो.

निदान सोपे आहे. फाइल आली की आधी कस्टम स्लाइड साइझ उघडायचे, दोन आकडे वाचायचे आणि कॅन्सल करायचे. ओके दाबायचे नाही. मॅक्रो, म्हणजे पॉवरपॉइंटच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिता येणाऱ्याला हेच आकडे पॉइंटमध्ये मिळतात: नवे वाइडस्क्रीन ९६० बाय ५४०, जुने ७२० बाय ४०५, चार-तीन ७२० बाय ५४०. शेकडो जुन्या फाइलींचे फोल्डर तपासायचे असेल तर मॅक्रोच बरा.

आपल्याकडे विंडोजची प्रादेशिक मांडणी भारतीय असली की पॉवरपॉइंट सेंटिमीटर दाखवतो. त्यातून एक बारीक चूक होते. कोणीतरी हाताने ३३.८७ टाइप करतो. फरक केसाच्या जाडीचाही नाही, पण पॉवरपॉइंटच्या लेखी ते माप आता ‘कस्टम’ झाले. काठाला लावलेल्या रंगपट्टीशेजारी कधी एक पांढरी रेघ डोकावते, ती याचीच. आकडा टाइप न करता यादीतून वाइडस्क्रीन निवडणे हा त्यावरचा उपाय. इंचच टाकायचे असतील तर सेंमीच्या खोक्यातही आकड्यानंतर इंचाची खूण दिली की चालते.

‘मॅक्झिमाइज’ की ‘एन्शुअर फिट’

चार-तीनची फाइल वाइडस्क्रीन केली तर पॉवरपॉइंट सहसा काही विचारत नाही, कारण जागा वाढलेली असते. उलट दिशेने, वाइडस्क्रीनवरून चार-तीनवर येताना, दोन चित्रांची खिडकी येते. मॅकवर हीच निवड ‘स्केल’ आणि ‘डोन्ट स्केल’ अशा शब्दांत असते.

एन्शुअर फिट निवडले की मजकूर रुंदीत मावेल एवढा आकसतो: ३३.८६७ चे २५.४, म्हणजे पाऊणपट. २४ पॉइंटचा मथळा १८ वर येतो, तक्त्यातले १२ पॉइंटचे अक्षर ९ वर. वर-खाली मिळून पावणेपाच सेंटिमीटर जागा मोकळी पडते. मॅक्झिमाइजमध्ये अक्षरे आकसत नाहीत, पण डावी-उजवीकडून प्रत्येकी सव्वाचार सेंटिमीटर मजकूर स्लाइडच्या कडेबाहेर जातो. तो पुसला जात नाही, नुसता बाहेर लोंबतो, आणि प्रेझेंट करताना दिसत नाही. एक जण आकडे वाचताना शेवटचा स्तंभ शोधत राहतो.

दोन्हींपैकी कोणते? ज्या फाइलचे पुढे संपादन करायचे आहे तिला एन्शुअर फिट. नंतर अक्षरे हाताने वाढवता येतात. बाहेर गेलेला मजकूर शोधणे जास्त किचकट. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी: चार-तीन करून पुन्हा वाइडस्क्रीन केले म्हणजे फाइल पूर्ववत होत नाही. प्रत्येक फेरीत थोडी झीज होते. लगेच लक्षात आले तर कंट्रोल-झेड. फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तर व्हर्जन हिस्टरी. आणि सामाईक फाइलवर सहा जण एकाच वेळी काम करत असतील तर एकाने बदललेले माप सहाही जणांचे बदलते. पॉवरपॉइंटमध्ये माप कुलूपबंद करण्याची सोयच नाही. अडीच गुणांमागचे सर्वांत मोठे कारण हेच.

दुसरी उणीव तितकीच जाचक: एका फाइलमध्ये एकच माप. सगळी प्रेझेंटेशन आडवी आणि मधला एकच संस्था-आराखडा उभा, असे जमत नाही. दुसरी फाइल करून तिच्याकडे लिंक द्यायची, एवढाच मार्ग.

२०१३ नंतर स्लाइडवरची चित्रे पूर्वीसारखी ताणली जात नाहीत, हे मान्य. पण तीन जागा अजून दगा देतात. बॅकग्राउंड म्हणून लावलेला फोटो स्लाइडभर पसरायचाच असतो, तेव्हा स्लाइड रुंद झाली की तोही रुंद होतो. त्यातली माणसे आडवी होतात. चौकोनात भरलेल्या फोटोचेही तसेच. आणि ॲनिमेशनचा मोशन पाथ. त्याची वाट स्लाइडच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात साठवलेली असते. त्यामुळे यंत्राभोवती गोल फिरणारा बाण माप बदलल्यावर लंबगोल फिरतो, नि यंत्राला कापून जातो. हे पडद्यावर चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

लोगो ताणला गेला आहे की नाही हे नजरेने ठरवू नये. लोगोवर राइट क्लिक, ‘साइझ अँड पोझिशन’, आणि तिथे ‘स्केल हाइट’ व ‘स्केल विड्थ’चे टक्के पाहावेत. दोन्ही सारखे तर लोगो ठीक. एक ४२ आणि दुसरा ५६ असेल तर कोणीतरी तो ओढलेला आहे. रीसेट करून ‘लॉक आस्पेक्ट रेशो’ची खूण ठेवून पुन्हा लहान-मोठा करावा.

माप बदलायचे ते मास्टरमध्ये

कंपनीचा जुना चार-तीन टेम्प्लेट सोळा-नऊ करायचा तर भरलेल्या फाइलवर प्रयोग करू नये. प्रत घ्यावी, तिच्यातल्या सगळ्या स्लाइड काढून टाकाव्यात, म्हणजे मास्टर (सगळ्या स्लाइडचा मूळ साचा) आणि लेआउट (त्याखालचे एकेका प्रकारच्या स्लाइडचे साचे) तेवढे उरतील. व्ह्यू टॅबवरून स्लाइड मास्टरमध्ये जावे आणि तिथल्याच स्लाइड साइझ बटणाने वाइडस्क्रीन करावे. आता वरचा मोठा मास्टर आधी दुरुस्त करायचा: मथळ्याचा खोका, मजकुराचा खोका, तारीख-तळटीप-पान क्रमांक. लोगो ओढून बसवण्यापेक्षा पुसून मूळ फाइलमधून नव्याने घालणे चांगले. आता एसव्हीजी (लहान-मोठी केली तरी न फुटणारी चित्रफाइल) चालते, तर तीच वापरावी. मग एकेक लेआउट.

पॉवरपॉइंटच्या स्वतःच्या थीममध्ये अकरा लेआउट असतात. कंपनीला एवढे लागत नाहीत. मुखपृष्ठ, विभाग-मथळा, मजकूर, दोन रकाने, चित्र-मजकूर, तक्ता, रिकामी आणि शेवटची, अशा आठांत भागते. जितके लेआउट जास्त, तितके दुरुस्त करताना राहून जाणारे जास्त.

मास्टरमध्येच गाइड टाकायला विसरू नये. मध्यरेषेपासून डावीकडे आणि उजवीकडे १२.७ सेंमीवर एकेक उभी रेषा. या दोन रेषांमधली जागा म्हणजे जुन्या चार-तीनची रुंदी. आकडे, तक्ते, मथळे यांच्या आत. शोभेचे फोटो नि रंगपट्ट्या बाहेर. असा टेम्प्लेट कोणी कुठेतरी चार-तीन केला, मॅक्झिमाइज दाबले, तरी कामाचा मजकूर शाबूत राहतो. मास्टरमध्ये टाकलेल्या गाइड साध्या स्लाइडवर काम करणाऱ्याला दिसतात, पण त्याच्या हातून सरकत नाहीत. पूर्ण सुविधेतला हा सर्वांत गुणी तुकडा, आणि बहुतेक टेम्प्लेटांत तो रिकामा असतो.

मास्टर तयार झाला की जुन्या स्लाइड आणायच्या. इथे पेस्टचे दोन पर्याय येतात. ‘यूज डेस्टिनेशन थीम’ घेतला तर स्लाइड नव्या मास्टरचा वेश घालते. ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ घेतला तर जुना मास्टरही सोबत येतो, आणि स्लाइडचे माप मात्र नव्या फाइलचेच राहते, म्हणजे जुना मास्टर नव्या मापात कोंबला जातो. दहा जणांनी दहा ठिकाणांहून असे पेस्ट केले की स्लाइड मास्टर उघडल्यावर नावाच्या सुरुवातीला १, २, ३ लागलेल्या मास्टरांची रांग दिसते. फाइल फुगते, मेलला चिकटेनाशी होते. न वापरलेले मास्टर तिथेच राइट क्लिक करून काढता येतात.

जुन्या आणि नव्या टेम्प्लेटमध्ये लेआउटची नावे तंतोतंत तीच ठेवावीत, स्पेससकट. नाव जुळले की स्लाइड आपल्या जागेवर बसते. नाही जुळले तर अनोळखी लेआउट सोबत घेऊन येते. पेस्ट झाल्यावर सगळ्या स्लाइड निवडून होम टॅबवरचे रीसेट दाबायचे. खोके नव्या लेआउटप्रमाणे जागेवर येतात. फक्त हे रीसेट प्लेसहोल्डरपुरते, म्हणजे लेआउटमधून आलेल्या खोक्यांपुरते चालते. ज्याने मथळ्याचा खोका पुसून त्या जागी टेक्स्ट बॉक्स काढून त्यात मथळा लिहिला आहे, त्याच्या स्लाइडला रीसेट काही करू शकत नाही. जुन्या फाइलींची दुरुस्ती किती तास खाणार याचा अंदाज घ्यायचा असेल तर व्ह्यूमध्ये आउटलाइन उघडावी. ज्या स्लाइडपुढे मथळा रिकामा, ती हातानेच करायची.

सुपरथीम: चांगली वस्तू, पण तळघरात ठेवलेली

पॉवरपॉइंटची तयार थीम लावून माप बदलले तर तिची नक्षी बिघडत नाही. कारण त्या थीममध्ये चार-तीन आणि सोळा-नऊ यांचे वेगवेगळे मास्टर आधीच भरलेले असतात. माप बदलले की पॉवरपॉइंट गुपचूप दुसरा काढून लावतो. २०१३ पासून आलेल्या या प्रकाराला सुपरथीम म्हणतात. एकच टीएचएमएक्स (थीमची) फाइल, आत मापाप्रमाणे आणि रंगाप्रमाणे वेगळे अवतार, डिझाइन टॅबवर व्हेरियंट म्हणून दिसणारे. कंपनीच्या टेम्प्लेटला यापेक्षा योग्य काही नाही.

आणि ती करायचे बटण पॉवरपॉइंटमध्ये कुठेही नाही. प्रत्येक मापाची थीम वेगळी करून, फाइल झिपसारखी उघडून, आतली एक्सएमएल हाताने जोडावी लागते. हे काम येणारे लोक कमी आहेत आणि पैसे घेतात. शंभराच्या आतले कर्मचारी असलेल्या कंपनीने त्या भानगडीत पडू नये. सोळा-नऊचा एक टेम्प्लेट, आणि खरोखर गरज असेल तर चार-तीनचा दुसरा, लेआउटची नावे तीच. फाइलच्या नावात माप लिहावे: ‘कंपनी-१६-९’, ‘कंपनी-४-३’. ‘फायनल-न्यू-२’ नको.

वाटप

इथे पॉवरपॉइंट खरोखर चांगला आहे, नीट वापरला तर. टेम्प्लेट पीपीटीएक्समध्ये (साध्या प्रेझेंटेशनच्या स्वरूपात) न वाटता पीओटीएक्समध्ये (टेम्प्लेटच्या स्वरूपात) वाटावा. पीओटीएक्सवर डबल क्लिक केले की नवी, बिननावाची फाइल उघडते, मूळ टेम्प्लेट तसाच राहतो. टेम्प्लेटच दुरुस्त करायचा असेल तर राइट क्लिक करून ओपन. साधी पीपीटीएक्स फाइल मेलने पाठवली की आठवड्याभरात तिच्या पाच आवृत्त्या फिरू लागतात आणि एकीतला लोगो हमखास दिवाळीच्या पणतीसह असतो.

ऑफिसात साधा सर्व्हर असेल तर सामाईक फोल्डरचा पत्ता द्यायची सोय आहे, पण ती शोधायला वर्डमध्ये जावे लागते: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, अगदी तळाशी फाइल लोकेशन्स, त्यात ‘वर्कग्रूप टेम्प्लेट्स’. वर्डमध्ये दिलेला पत्ता पॉवरपॉइंटलाही लागू होतो आणि नवी फाइल काढायच्या पानावर कंपनीचे टेम्प्लेट दिसू लागतात. फोल्डरला सगळ्यांना वाचण्याचा हक्क, लिहिण्याचा एका-दोघांनाच.

शेअरपॉइंट असेल तर ऑर्गनायझेशन ॲसेट लायब्ररी, म्हणजे कंपनीच्या सामाईक फाइलींचा अधिकृत साठा, करावी. ही मेन्यूतून होत नाही. ॲडमिनला शेअरपॉइंटच्या पॉवरशेलमधून (टाइप करून हुकूम देण्याच्या खिडकीतून) कमांड द्यावी लागते आणि लायब्ररीचा प्रकार ‘ऑफिस टेम्प्लेट लायब्ररी’ असा सांगावा लागतो. मग पॉवरपॉइंटच्या नव्या फाइलच्या पानावर कंपनीच्या नावाचा टॅब उगवतो. दिसायला चोवीस तासही लागू शकतात, तेव्हा आयटीवाल्याला अर्ध्या तासात तिसरा फोन करू नये. एकदा टॅब आला की पेनड्राइव्हवरचे जुने टेम्प्लेट आपोआप मागे पडतात. चार गुण यासाठी. पाचवा कमांडमुळे गेला.

तीन लिप्यांची अडचण

बडोद्याच्या टेम्प्लेटला पुण्याच्या टेम्प्लेटपेक्षा एक काम जास्त असते. ग्राहकासाठी इंग्रजी, शॉपफ्लोअरच्या सेफ्टी स्लाइडसाठी गुजराती आणि हिंदी, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला प्रायोजक म्हणून दाखवायची मराठी. थीमच्या फॉन्टमध्ये प्रत्येक लिपीचा वेगळा खण असतो: ऑफिसच्या मूळ थीमांत देवनागरीच्या खणात मंगल आणि गुजरातीच्या खणात श्रुती. विंडोज १० पासून मंगल हा वेगळा उतरवून घ्यायच्या जादा फॉन्टांत गेला. ज्या संगणकावर तो नाही तिथे दुसराच फॉन्ट येतो, ओळीची लांबी बदलते, आणि लोक म्हणतात स्लाइडचे माप बिघडले.

विंडोजपुरतेच काम असेल तर निर्मला यूआय पुरे. त्यात देवनागरी आणि गुजराती दोन्ही आहेत. देखणे हवे असेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ आणि त्याचा गुजराती भाऊ ‘मुक्त वाणी’. दोन्ही मुक्त परवान्याचे, तेव्हा फाइलमध्ये भरून पाठवता येतात: ऑप्शन्स, सेव्ह, ‘एम्बेड फॉन्ट्स’, आणि त्यात ‘सर्व अक्षरे’चा पर्याय, म्हणजे पुढच्यालाही मजकूर बदलता येईल.

ओळींमधले अंतर मूळ थीममध्ये ०.९ पट असते. रोमन लिपीला ठीक. मराठीत ‘पुरवठा’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘कार्य’च्या रफारात घुसतो. मास्टरमध्ये ते १.० किंवा १.१ करावे. त्याच खोक्याचे ‘श्रिंक टेक्स्ट ऑन ओव्हरफ्लो’ही बंद करावे, नाहीतर माप बदलले की प्रत्येक स्लाइडवर अक्षर आपापल्या मर्जीने आकसते आणि लागोपाठच्या दोन स्लाइडवर २० आणि १७ पॉइंट दिसतात.

पडद्यापाशी

चार-तीनचा टेम्प्लेट ठेवावा का? हिशेब करून पाहा. एक्सजीए प्रोजेक्टर म्हणजे १०२४ बाय ७६८ ठिपके. त्यावर सोळा-नऊची स्लाइड १०२४ बाय ५७६ मध्ये बसते; वर-खाली ९६-९६ ठिपक्यांचे काळे पट्टे. उलटे केले, फुल एचडी टीव्हीवर चार-तीनची स्लाइड लावली, तर ती १४४० ठिपके रुंद होते आणि डावी-उजवीकडे २४०-२४० वाया. दोन्हीकडे पाव पडदा जातो. १६:१० च्या १२८० बाय ८०० प्रोजेक्टरवर सोळा-नऊचे नुकसान वर-खाली ४०-४० ठिपके, म्हणजे दखल घेण्यासारखे नाही. कंपनीतला शेवटचा एक्सजीए प्रोजेक्टर ज्या खोलीत आहे तिथे फक्त रोजची शिफ्ट मीटिंग होत असेल, तर वेगळा टेम्प्लेट सांभाळण्यापेक्षा काळे पट्टे सोसावेत.

टेम्प्लेटमध्ये एक चाचणी स्लाइड असावी: शिफ्ट दाबून काढलेले वर्तुळ आणि चारही कोपऱ्यांत बारीक चौकोन. लॅपटॉपवर वर्तुळ गोल आणि पडद्यावर अंडे, तर दोष प्रोजेक्टरचा. रिमोटवर ‘आस्पेक्ट’ बटण असते, ते ‘फुल’वरून ‘ऑटो’ किंवा ‘नॉर्मल’वर आणावे. लॅपटॉपवरही अंडे, तर फाइलचा. कोपऱ्यातले चौकोन गायब, तर टीव्ही कडा कापतो आहे. त्याच्या चित्र-मांडणीत ‘स्क्रीन फिट’सारखा पर्याय शोधावा. अक्षरे धूसर असतील तर विंडोज-पी दाबून ‘डुप्लिकेट’ऐवजी ‘एक्स्टेंड’ करावे. डुप्लिकेटमध्ये दोन्ही पडद्यांना एकच रेझोल्यूशन वाटून घ्यावे लागते.

स्लाइड चित्र म्हणून व्हॉट्सॲपवर टाकायची असेल तर तिथेही माप आड येते. पॉवरपॉइंट ठरलेले ९६ डीपीआय (इंचाला ९६ ठिपके) धरून चित्र काढतो: नव्या वाइडस्क्रीनचे १२८० बाय ७२०, जुन्या १६:९ चे फक्त ९६० बाय ५४०. तीच स्लाइड, तोच मजकूर, पण दुसरी पुसट. एजन्सीकडून आलेल्या गूगलच्या फाइलीतले चित्र का पुसट येते, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

गूगल स्लाइड्समध्ये फाइल मेन्यूतले पेज सेटअप माप बदलताना काही विचारतच नाही, त्यामुळे तिथे भरलेल्या फाइलचे माप बदलणे पॉवरपॉइंटपेक्षाही धोक्याचे. एजन्सी तिथेच काम करणार असेल तर पहिली स्लाइड करण्याआधी कस्टममध्ये ३३.८७ बाय १९.०५ सेंमी टाकायला सांगावे. केसभर फरक राहील, पण अक्षरे आणि खोके जुळतील. इम्प्रेसमध्ये स्लाइड प्रॉपर्टीजमध्ये मापासोबत मजकूर जुळवून घेण्याची एक खूण असते. ती न पाहता ओके दाबले की कागद बदलतो आणि मजकूर जागच्या जागी राहतो.

गणेशोत्सवात किंवा गरब्याच्या मैदानावर प्रायोजकाची स्लाइड एलईडी भिंतीवर जाते तेव्हा यातले कुठलेच माप उपयोगाचे नसते. मंडपवाला फुटांत सांगतो: “सोळा बाय आठ.” त्याच्याकडून ठिपके विचारून घ्यावेत. अर्ध्या मीटरचा पी-३.९१ जातीचा (दोन ठिपक्यांत ३.९१ मिमी अंतर असलेला) चौकोनी पॅनेल १२८ बाय १२८ ठिपक्यांचा असतो. आडवे दहा आणि उभे पाच लावले की १२८० बाय ६४०, म्हणजे २:१. अशा वेळी टेम्प्लेटच्या प्रतीत कस्टममध्ये उंची १९.०५ तशीच ठेवून रुंदी ३८.१ सेंमी करावी, लोगो पुन्हा बसवावा आणि एकच स्लाइड चित्र करून द्यावी. वेडावाकडा आकार मिळाला तरी पॉवरपॉइंट १४२.२४ सेंमीपर्यंतची बाजू घेतो.

राहिला कागद. सोळा-नऊची स्लाइड आडव्या ए-फोरवर पूर्ण रुंदीने छापली तर उंची १६७ मिमी भरते आणि ४३ मिमी कोरी राहते. ही कोरी पट्टी टाळायला काही जण यादीतले ‘ए-फोर पेपर’ निवडतात. ते माप २७.५१७ बाय १९.०५ सेंमी आहे, खऱ्या ए-फोरचे २९.७ बाय २१ नव्हे. पॉवरपॉइंटने छपाईचा समास आधीच वजा केलेला आहे आणि गुणोत्तरही थोडे हलले आहे. रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे काठापर्यंत रंग असलेले छापून घ्यायचे असेल तर कस्टममध्ये २९.७ आणि २१ हाताने टाकावेत, आणि ती फाइल टेम्प्लेटच्या फोल्डरमध्ये ठेवू नये.